दोष जोडांचा, बोल इंजिनाला

जुन्या इटालियन मोटरसायकलींबद्दल दोन मते इतकी रुळली आहेत की ती तपासून पाहावीत असे फारसे कुणाला वाटत नाही. पहिले मत असे की या गाड्या देखण्या, पळायला जोरदार, पण भरवशाच्या नाहीत. त्यातही वायरिंग म्हणजे कायमची कटकट. दुसरे मत पहिल्याच्याच पोटातून आलेले आहे: अशी गाडी घरी सांभाळणे सामान्य मालकाच्या आवाक्यातले नाही, तिला तिचाच मिस्त्री हवा. गंमत म्हणजे ही दोन्ही मते या गाड्यांचे निंदक जितक्या हिरिरीने मांडतात तितक्याच लाडाने त्यांचे भक्तही मांडतात. सकाळी गाडी सुरू झाली नाही की निंदक तिला भंगार म्हणतो आणि भक्त तो तिचा ‘स्वभाव’ आहे म्हणतो. बिघाड कुठे आहे ते मोजून पाहण्याचे कष्ट दोघेही घेत नाहीत. या लेखात १९६७ पासून १९९० च्या दशकाअखेरपर्यंतच्या मोटो गुझी आणि डुकाटी या दोन घराण्यांचा मुख्यतः विचार केला आहे. त्यांचे इंजिन, वायरिंग, कार्बोरेटर, ब्रेक आणि सुट्या भागांची उपलब्धता एकत्र पाहिली तर वेगळे चित्र दिसते. या गाड्यांच्या बहुतेक तक्रारी इंजिनाच्या पोटातल्या नसतात. त्या इंजिनाभोवतीच्या जोडांतल्या असतात. वायरचे जोड, अर्थिंग, रबर, सील, होज, केबल यांतल्या. जोड काळाने झिजतात, मोजता येतात आणि बहुतांशी घरच्या हत्यारांनी दुरुस्त होतात. म्हणून घरी देखभाल शक्य आहे की नाही, हा प्रश्न कौशल्याचा कमी आणि तपासणीच्या क्रमाचा जास्त आहे.

आधी इंजिनाकडे पाहू, कारण बदनामी त्याच्याच नावावर जमा होते. मोटो गुझी ही १९२१ साली सुरू झालेली, कोमो सरोवराकाठच्या मांडेल्लो देल लारिओ गावची कंपनी. जुलिओ चेझारे कार्कानो या अभियंत्याने आखलेले ९० अंशांचे व्ही-ट्विन इंजिन १९६७ मध्ये ७०३ सीसीच्या व्ही-सेव्हन या गाडीत विक्रीला आले. दोन्ही सिलिंडर डावी-उजवीकडे हवेत बाहेर आलेले, पुशरॉडवर चालणारे साधे व्हॉल्व्ह, मोटारीसारखा कोरडा क्लच आणि मागच्या चाकाला साखळीऐवजी शाफ्ट. शर्यतीपेक्षा रोजच्या राबत्यासाठी केलेली ही रचना आहे. इटलीतल्या पोलिसांनी ती वापरली. पुढे लॉस एंजेलिसच्या पोलिसांनी आणि कॅलिफोर्निया हायवे पेट्रोलनेही या घराण्यातल्या गाड्या ताफ्यात घेतल्या. पोलीस खाते गाडीच्या प्रेमात पडून खरेदी करत नाही. ती दिवसभर उन्हात गरम होत उभी राहते, अनेक हातांखालून जाते आणि वर्कशॉपच्या वहीत तिचा प्रत्येक खर्च लिहिला जातो. लिनो तोंती याने १९७१ च्या व्ही-सेव्हन स्पोर्टसाठी नवी फ्रेम आखली तेव्हा खालच्या दोन नळ्या बोल्ट काढून सुट्या करता येतील अशी सोय ठेवली, म्हणजे इंजिन बाहेर काढणे सोपे व्हावे. दुरुस्ती करणाऱ्याचा विचार नकाशावरच झाला होता. डुकाटीचे मूळ वेगळे आहे. फाबियो तालिओनी १९५४ मध्ये बोलोन्याच्या या कारखान्यात आला आणि दोनच वर्षांत स्प्रिंगऐवजी कॅमनेच व्हॉल्व्ह बंद करणारी डेस्मो यंत्रणा त्याने शर्यतीच्या गाडीत आणली. १९७२ च्या इमोला २०० शर्यतीत पॉल स्मार्ट पहिला आणि ब्रुनो स्पाज्जारी दुसरा आला, तो रस्त्यावरच्या ७५० सीसीच्या इंजिनावरून बेतलेल्या गाड्यांवर. ज्या इंजिनाच्या मुळात खोट आहे ते दोनशे मैल कमाल वेगाजवळ टिकत नाही.

मग नाव खराब का झाले? लहान उत्पादन, डळमळते व्यवस्थापन आणि बाहेरून घेतलेले भाग ही कारणे एकत्र आली. सत्तरच्या दशकात डुकाटी सरकारी मालकीत होती, मोटो गुझी त्याच दशकाच्या सुरुवातीला आलेहान्द्रो दे तोमासो या उद्योगपतीच्या हाती गेली. जपानी कारखान्यांच्या तुलनेत दोघींचे उत्पादन किरकोळ होते. इंजिन स्वतःचे, पण स्विच, दिवे, फ्यूज पेट्या जो पुरवठादार परवडेल त्याच्या. इथे एक बारकावा सहसा नजरेआड होतो. सत्तरच्या दशकातल्या मोटो गुझीवरचा अल्टरनेटर जर्मन बॉश कंपनीचा होता आणि त्याच काळात भरवशासाठी नावाजलेल्या बीएमडब्ल्यूवरही बॉशचाच. व्हेनेतो प्रांतातल्या लाव्हेर्दानेही आपल्या ७५० साठी डायनामो आणि स्टार्टर बॉशकडूनच घेतले. म्हणजे ‘इटालियन इलेक्ट्रिकल’ म्हणून ज्याला शिव्या पडतात त्यातले वजनदार भाग अनेकदा इटालियन नव्हतेच. वीज तयार करणारे यंत्र एकाच कारखान्याचे असून एका गाडीची कीर्ती चांगली आणि दुसरीची वाईट असेल, तर फरक त्या यंत्रात नसणार. तो यंत्र आणि बॅटरी यांच्यामधल्या तारेत, क्लिपमध्ये आणि स्विचमध्ये शोधायला हवा.

हा भाग जरा सविस्तर पाहायला हवा, कारण घरच्या देखभालीचे निम्मे काम इथेच संपते. बारा व्होल्टच्या गाडीत एखाद्या गंजलेल्या जोडाचा रेझिस्टन्स केवळ ०.१ ओहम असला आणि त्यातून १० अँपिअर करंट जात असला, तर एक पूर्ण व्होल्ट त्या जोडातच जिरतो. बल्बचा प्रकाश व्होल्टेजच्या प्रमाणात कमी होत नाही, त्याहून कितीतरी वेगाने कमी होतो. व्होल्टेज दहा टक्क्यांनी घसरले की प्रकाश साधारण तीस टक्क्यांनी घटतो. ‘या गाडीचा हेडलाइट मेणबत्तीएवढा’ ही जुनी तक्रार अशी एका-दोन जोडांतून जन्मते. सत्तर-ऐंशीच्या दशकांतल्या गाड्यांत टोकदार तोंडाचे, उघड्या पट्टीचे युरोपियन फ्यूज असत. त्यांची पट्टी शाबूत दिसते, पण टोक आणि पितळी क्लिप यांच्यात काळी पुटे चढतात. फ्यूज काढून बघितला तर चांगला, बसवला तर लाइट जात-येत राहतो. मल्टीमीटर लावूनही अनेकजण इथे फसतात, कारण ते वायरचे सातत्य तपासतात. बीप वाजला की वायर ठीक, असे समजतात. पण त्या चाचणीत मीटर अगदी नगण्य करंट सोडते, आणि वीस धाग्यांपैकी एक धागा शिल्लक असलेली वायरसुद्धा तेवढ्यावर बीप देते. खरी चाचणी भार असताना करायची असते: मीटरचे एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरे इंजिनाच्या कोऱ्या धातूला आणि मग स्टार्टरचे बटण दाबायचे. काटा ०.२ व्होल्टच्या आसपास राहिला तर अर्थिंग ठीक. त्याहून बराच वर गेला तर स्टार्टर, बॅटरी, कॉइल यांपैकी काहीही बदलण्याआधी ती अर्थची वायर काढून, घासून, पुन्हा घट्ट बसवायची. हीच चाचणी प्लसच्या बाजूने, स्टार्टरच्या टर्मिनलपर्यंत करता येते. दहा मिनिटांचे काम आहे.

गुझीच्या चार्जिंगची एक गंमत यातूनच कळते. तिथे रोटरला सुरुवातीचा करंट डॅशवरच्या लाल चार्जिंग दिव्यातून मिळतो. तो चिमुकला बल्ब जळला की अल्टरनेटर जागाच होत नाही, किंवा फार वरच्या आरपीएमवर कसाबसा होतो. मालक बॅटरी बदलतो, मग रेग्युलेटर बदलतो, मग डायोड बोर्ड मागवतो. दोष एका बल्बचा असतो. चावी फिरवल्यावर लाल दिवा लागतो का, एवढे आधी पाहिले तर हा सगळा खर्च वाचतो. दिवा लागत असूनही चार्जिंग नसेल तर रोटरच्या दोन स्लिप-रिंगांमधला रेझिस्टन्स मोजावा. तो तीन-चार ओहमच्या आसपास हवा. इंजिन चालू असताना बॅटरीवर साडेतेरा ते सव्वाचौदा-साडेचौदा व्होल्ट दिसले की त्या दिशेला पुन्हा बघायला नको. नव्वदच्या दशकातल्या काही गुझींमध्ये आणखी एक ठरलेली तक्रार आढळते: बटण दाबले की नुसता टिक आवाज, स्टार्टर ढिम्म. कारण असे की स्टार्टरच्या सॉलेनॉइडला लागणारा भरपूर करंट इग्निशन स्विचमधून फिरून येतो, आणि स्विचचे जुने संपर्क तो पेलत नाहीत. बॅटरीपासून थेट, फ्यूज घातलेली एक वायर आणि एक रिले बसवला की प्रश्न संपतो. इथे कारखान्याच्या आखणीतच चूक होती हे मान्य करायला हरकत नाही; पण ती चूक वायरिंगच्या नकाशातली आहे, स्टार्टरची नव्हे. डुकाटीकडे कायम चुंबकाचा अल्टरनेटर आणि जादा वीज शॉर्ट करून उष्णतेत घालवणारा रेग्युलेटर असतो. तो तापतो आणि जातो, हे खरेच आहे. पण अल्टरनेटरच्या पिवळ्या वायरींचा प्लास्टिक कनेक्टर उघडला तर तो अनेकदा वितळून तपकिरी झालेला सापडतो. तो तसाच ठेवून नवा रेग्युलेटर लावला की काही महिन्यांत पुन्हा तीच कथा, आणि दोष मात्र बोलोन्याला.

विजेनंतरचा मोठा भाग म्हणजे गाडी मिसिंग मारते, थांबून थांबून चालते, आयडलिंग धरत नाही अशा तक्रारी. अशा वेळी शंभरातले नव्याण्णव हात कार्बोरेटरकडे जातात, कारण त्याचे स्क्रू बाहेर दिसतात आणि फिरवले की काहीतरी घडते. क्रम नेमका उलटा हवा: आधी टॅपेट, मग टायमिंग, शेवटी कार्बोरेटर. व्हॉल्व्ह नीट बसत नसेल किंवा पॉइंट वेळेवर उघडत नसेल, तर कार्बोरेटर कितीही ट्यून केला तरी तो दुसऱ्याची चूक झाकण्यासाठी ट्यून होतो. गुझीचे टॅपेट हे घरकामाचे आदर्श उदाहरण आहे. सिलिंडर हवेत, झाकण हातासमोर, एक स्क्रू, एक लॉकनट, एक फिलर गेज. टाकी न काढता दोन्ही बाजू तासाभरात होतात. पॉइंटचे टायमिंग बारा व्होल्टच्या साध्या टेस्ट लॅम्पने इंजिन बंद ठेवूनच जुळवता येते. दोन सिलिंडरच्या इंजिनात निदानाची आणखी एक सोय असते, तिचा उपयोग मात्र फार कमी लोक करतात. दोन सिलिंडर म्हणजे दोन प्लग, बहुधा दोन कॉइल आणि दोन कार्बोरेटर, सगळे सारखेच. उजवीकडे मिसिंग आहे? उजवा प्लग डावीकडे बसवा. दोष प्लगबरोबर डावीकडे गेला तर उत्तर मिळाले. नाही गेला तर प्लग कॅप, मग कॉइल, अशी एका वेळी एकच गोष्ट बदलत जायचे. प्रयोगशाळेत ज्याला नियंत्रित प्रयोग म्हणतात तो इथे गाडीतच तयार आहे, सुटे भाग विकत न घेता. यातली एकमेव अट पाळणे अवघड जाते: दोन गोष्टी एकदम बदलायच्या नाहीत. पार्सलमधून नवे भाग आलेले असताना हा मोह आवरणे भल्याभल्यांना जमत नाही.

कार्बोरेटर बहुधा देल्लोर्तोचे असतात, आणि ते मुळात बिघडणारे यंत्र नव्हे. बिघडते त्याच्या आजूबाजूचे. इंजिन आणि कार्बोरेटर यांच्यामधला रबरी जोड तडकला की तिथून हवा ओढली जाते, मिश्रण पातळ होते आणि आयडलिंग वर-खाली होऊ लागते. बाहेरून ही चीर दिसत नाही, हाताने रबर वाकवल्यावर दिसते. आयडल जेटचे भोक केसाएवढे असते आणि गाडी पावसाळाभर उभी राहिली की सुकलेल्या पेट्रोलची राळ तिथेच बसते. ते तारेने खरवडायचे नाही, क्लीनर आणि हवेच्या दाबाने साफ करायचे, कारण भोक किंचित मोठे झाले की तो जेट कायमचा निकामी. दोन्ही कार्बोरेटर एकमेकांशी जुळवायला महागडे गेज लागते असा समज आहे. एका पारदर्शक नळीत थोडे ऑइल घालून तिची दोन टोके दोन्ही इनटेकच्या नळ्यांना जोडली तरी दोन्ही बाजूंच्या निर्वातातला फरक तितकाच स्वच्छ दिसतो. फक्त थ्रॉटल जुळण्याआधी जोरात पिळला तर ऑइल एका सिलिंडरमध्ये ओढले जाईल, एवढे भान ठेवावे. आजच्या पेट्रोलचा प्रश्न जुना नाही, पण जुन्या गाड्यांना तोच जास्त छळतो. भारतात २०२५ पर्यंत पंपावरच्या पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल आले. युरोपात ते साधारण पाच ते दहा टक्के असते. इथेनॉल ओलावा ओढते, जुन्या प्रकारचे रबर फुगवते आणि सत्तरच्या दशकातल्या काही डुकाटींच्या फायबरग्लासच्या टाक्यांचे रेझिन विरघळवते. ती राळ जेटमध्ये जाते आणि मालक पुन्हा कार्बोरेटरला दोष देतो. फायबरग्लासची टाकी असेल तर तिला आतून योग्य अस्तर तरी हवे किंवा ती भिंतीवर शोभेला तरी लावावी. मधला मार्ग टिकत नाही. पेट्रोलच्या नळ्या आणि ओ-रिंग मात्र इथेनॉल सोसणाऱ्या प्रकारच्या घेतल्या की काम भागते.

या विवेचनावर सर्वांत वजनदार आक्षेप जपानी गाड्यांचा आहे. १९६९ ची होंडा सीबी ७५० बटणावर सुरू होत होती, ऑइल गळत नव्हते आणि तिला असल्या जोडांची चिंता नव्हती. मग इटालियन गाडीची बाजू का घ्यायची? आक्षेपातला पहिला भाग निर्विवाद आहे. जपानी कारखान्यांनी स्विच, कनेक्टर आणि सील यांच्या दर्जाकडे इंजिनाइतकेच लक्ष दिले, आणि ते इटालियनांनी दिले नाही. पण आपण आज जी तुलना करतो ती नव्या गाड्यांची नाही, पन्नास वर्षे जुन्या गाड्यांची आहे. पन्नास वर्षांच्या होंडाचेही कनेक्टर हिरवे पडतात, तिचेही रबर कडक होते, आणि तिच्या चार कार्बोरेटरची रांग काढून पुन्हा बसवणे ही काही सुट्टीच्या सकाळची मौज नव्हे. वयाने फरक पुष्कळ कमी केला आहे. उरला आहे तो हात पोचण्याचा प्रश्न, आणि तिथे बाहेर आलेल्या सिलिंडरांची गुझी पुढे आहे. आक्षेपाचा दुसरा भाग जास्त गंभीर आहे: इंजिनातही खरे दोष होते. ते नाकारून चालणार नाही. मोटो गुझीने बरीच वर्षे सिलिंडरच्या आत क्रोमचा थर वापरला. तो काही गाड्यांत सोलून निघाला आणि त्याचे कण ऑइलबरोबर बेअरिंगपर्यंत गेले. पुढे कंपनीने निकेल-सिलिकॉनच्या जातीचा थर आणला. ऐंशीच्या दशकातल्या चार व्हॉल्व्हच्या व्ही-६५ लारिओचे व्हॉल्व्ह तुटण्याबद्दल कुप्रसिद्ध आहेत. १९९४ च्या डुकाटी ९१६ घराण्यात रॉकरवरचे क्रोम उडण्याचा प्रकार आढळतो. पण या दोषांचे वैशिष्ट्य असे की ते ज्ञात आहेत, ठरावीक मॉडेलांत आहेत आणि आधी तपासता येतात. प्लगच्या भोकातून मोबाइलला जोडायचा स्वस्त बोअरस्कोप आत घातला तर सिलिंडरची भिंत दिसते. रॉकर व्हॉल्व्हच्या तपासणीत दिसतात. ऑइल बदलताना ते पांढऱ्या भांड्यात ओतले तर चमकणारे कण दिसतात. बाकी राहिले ते दुर्लक्षाचे. गुझीच्या पहिल्या व्ही-ट्विनना बदलण्याजोगा ऑइल फिल्टर नव्हता, फक्त जाळी होती. १९७५ च्या ८५० टी-थ्रीला फिल्टर मिळाला, पण तो संपच्या, म्हणजे इंजिनाखालच्या ऑइलच्या भांड्याच्या, आत. बदलायला सगळा संप उतरवावा लागे, म्हणून किती मालकांनी तो बदललाच नसेल याचा अंदाज बांधायला फार कल्पनाशक्ती लागत नाही.

दुसरा आक्षेप डेस्मोचा. स्प्रिंगची गाडी घरी होईल, पण व्हॉल्व्ह उघडायला एक रॉकर आणि बंद करायला दुसरा, आणि दोन्हींचे अंतर शिमने, म्हणजे मोजक्या जाडीच्या चकत्यांनी, जुळवायचे, हे कुणी स्वयंपाकघराच्या ओट्यावर करायचे का? दोन व्हॉल्व्हच्या डुकाटीबद्दल उत्तर होय असे आहे. लागते ते फिलर गेज, मायक्रोमीटर, योग्य जाडीचे शिम आणि दोन शांत दिवस. इथे बुद्धीपेक्षा वहीत आकडे लिहिण्याची शिस्त कामाला येते. मोजमाप तर कुणीही करू शकतो, आणि अनेकदा मोजल्यावर कळते की काही बदलायची गरजच नाही. चार व्हॉल्व्हच्या इंजिनाला अर्धी गाडी सुटी करावी लागते, तिथे पहिल्यांदा अनुभवी माणूस जवळ असलेला बरा. पण डेस्मोची भीती बाळगणारे लोक खऱ्या धोक्याकडे दुर्लक्ष करतात: टायमिंग बेल्ट. १९७९ च्या पँटा या मॉडेलपासून डुकाटीने बेल्ट वापरले, आणि नव्वदच्या दशकातल्या गाड्यांना ते साधारण दोन वर्षांनी किंवा २०,००० किलोमीटरला बदलायचे असत, जे आधी होईल ते. लोक किलोमीटर बघतात, वर्षे विसरतात. वर्षाला पाचशे किलोमीटर फिरलेली, कव्हराखाली जपलेली गाडी दहा वर्षांच्या बेल्टवर असते. तो तुटला की व्हॉल्व्ह आणि पिस्टन एकमेकांवर आदळतात, आणि मग खरेच इंजिनाचे काम निघते. जुन्या गाडीची देखभाल ओडोमीटरपेक्षा कॅलेंडरला बांधावी असे म्हणायचे कारण हेच, आणि ते बेल्टपुरते नाही. ब्रेक ऑइलही ओलावा शोषते: डॉट फोर दर्जाचे नवे ऑइल किमान २३० अंशांना उकळायला हवे, ओलावा शिरलेले १५५ अंशांनाच उकळले तरी मानकात बसते. घाटातल्या लांब उतारावर हा फरक हाताला कळतो. टायरच्या बाजूवरचे शेवटचे चार आकडे आठवडा आणि वर्ष सांगतात. २३१८ म्हणजे २०१८ चा तेविसावा आठवडा. नक्षी पूर्ण दिसते म्हणून टायर चांगला, असे नाही.

ब्रेकचे काम घरी करणे बेजबाबदारपणाचे, असेही म्हटले जाते. दोन वर्षे न बदललेल्या ब्रेक ऑइलवर गाडी चालवणे त्याहून बेजबाबदारपणाचे आहे, एवढेच त्यावर म्हणावेसे वाटते. ब्रेम्बोचे जुने कॅलिपर साधे असतात. सील बदलणे आणि ब्लीड करणे मॅन्युअल वाचणाऱ्या माणसाला जमते. सत्तरच्या दशकानंतरच्या बऱ्याच गुझींत पायाचा ब्रेक मागच्या चाकाला आणि पुढच्या एका डिस्कला मिळून लागतो, हे माहीत नसेल तर ब्लीड करताना हवा आत राहते. जुना होज आतून फुगलेला असेल तर लिव्हर सोडल्यावरही ब्रेक सुटत नाही आणि संशय कॅलिपरवर जातो. इथेही पुन्हा दोष जोडाचाच. लिव्हर कडक लागत नाही तोवर गाडी फाटकाबाहेर काढायची नाही, ही अट मात्र सोडू नये.

संग्राहकांची तक्रार वेगळी: रिले, नवे फ्यूज, नवे रेग्युलेटर लावले की गाडीचे अस्सलपण गेले. अस्सलपणाची किंमत असते हे खरे, पण मूळ वायर न कापता जोडलेला, हवा तेव्हा काढून टाकता येणारा भाग कुठलेच अस्सलपण मारत नाही. जुना भाग काढून चिठ्ठी लावून डब्यात ठेवावा, प्रश्न मिटतो.

भारतात, विशेषतः महाराष्ट्रात, अशी गाडी सांभाळणाऱ्याची खरी अडचण भागांची आणि सीमाशुल्काची असते. खुद्द यंत्र आपल्याला अगदीच परके नाही. १९६० च्या दशकात बजाजने पिआज्जोच्या परवान्याने पुण्यात व्हेस्पा बनवली, १९७१ मध्ये तो परवाना संपला आणि त्याच घराण्यातून चेतक आली. मुंबईत एपीआय ही कंपनी लॅम्ब्रेटा स्कूटर बनवत होती. त्या इटालियन यंत्रांवर मध्यमवर्गीय घरे दोन-तीन पिढ्या चालली, आणि स्कूटर आडवी करून सुरू करणे, प्लग घासणे, पॉइंटवर पॉलिश पेपर फिरवणे हे घराघरातले काम होते. इटालियन गाडी घरी होत नाही या मताला याहून व्यापक उत्तर मिळणे कठीण. पिआज्जोने २००४ मध्ये एप्रिलिया घेतली आणि तिच्याबरोबर मोटो गुझीही आली. पिआज्जोचा कारखाना बारामतीत आहे, पण म्हणून जुन्या गुझीचे भाग बारामतीत मिळतील असे समजू नये. ते जर्मनी, इटली, नेदरलँड्समधल्या विशेष दुकानांतून येतात. जे मागवावे लागत नाही त्याची यादी मात्र अपेक्षेपेक्षा लांब आहे. जुन्या ब्रिटिश गाड्यांसारखे व्हिटवर्थचे पाने लागत नाहीत, सगळे मेट्रिक आहे. चाकांचे आणि इतर अनेक ठिकाणचे बेअरिंग प्रमाणित मापाचे असतात आणि त्यांच्यावर नंबर कोरलेला असतो. ६२०४ लिहिले असेल तर आतला व्यास २०, बाहेरचा ४७ आणि रुंदी १४ मिलिमीटर, आणि ते कुठल्याही शहरातल्या बेअरिंगच्या दुकानात मिळते. ऑइल सीलही मापाने मिळतो. क्लच आणि थ्रॉटलच्या केबल बनवून देणारे अजून आहेत. कोकणपट्टीत आणि मुंबईत तांब्याच्या टर्मिनलवर हिरवा थर इतक्या लवकर चढतो की पावसाळा संपल्यावर सगळे जोड एकदा उघडून, साफ करून, डायइलेक्ट्रिक ग्रीस लावणे हे तिथले वार्षिक काम मानावे. प्लास्टिकच्या कव्हराखाली गाडी झाकली की ओलावा आत कोंडतो. सुती कव्हर बरे.

घरच्या कामाची हद्द कुठे संपते, हेही तितकेच स्पष्ट सांगता येते. १९८० च्या दशकाच्या मध्यापर्यंत चाललेल्या बेव्हल गिअरच्या डुकाटींमधले गिअरचे अंतर जुळवणे, दाबून बसवलेला क्रँक वेगळा करणे, गिअरबॉक्सचे शिम, सिलिंडरचा नवा थर ही घरची कामे नाहीत. नव्वदच्या दशकातल्या वेबर-मारेली इंजेक्शनच्या गाड्यांत हद्द थोडी सरकते, पण आपल्या अपेक्षेच्या उलट दिशेने. इंजिन सांभाळणारा सीलबंद संगणक, म्हणजे ईसीयू, घरी दुरुस्त होत नाही. मात्र फ्यूज, रिले, सेन्सरचे कनेक्टर आणि थ्रॉटल सेन्सर मल्टीमीटरने तपासता येतात. या गाड्यांतल्या अनेकांत थ्रॉटल पूर्ण मिटलेला असताना सेन्सरवर सुमारे १५० मिलिव्होल्ट हवेत, आणि उत्साही मंडळींनी केलेली मोफत सॉफ्टवेअर जुन्या ईसीयूचे दोष वाचून दाखवतात. बाहेर पाठवायचे काम निघाले तर गाडीबरोबर एक कागद द्यावा: दोन्ही सिलिंडरचे कॉम्प्रेशन, टॅपेटची शेवटची मापे, बेल्ट आणि ब्रेक ऑइल बदलल्याची तारीख, इंजिन चालू असताना बॅटरीचे व्होल्टेज आणि अर्थिंगवरचा व्होल्टेज ड्रॉप. कारागीर त्यावरून ठरवतो की इंजिन उघडायचे की नाही, आणि उघडायचे तर कुठून.